उल्वावाल्या खाद्याचे आठ महिने आणि बॅगेच्या तळाचा चुरा

आधीच सांगतो, खाद्य वाईट नाही. तरी तीनच स्टार देतोय, का ते वाचा.

आमचं ऍबलोनचं, म्हणजे खायच्या समुद्री गोगलगायींचं फार्म दक्षिण आफ्रिकेत हर्मानसजवळ. इथे त्याला पर्लेमून म्हणतात. बहुतेक सगळं केल्पवर, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या तपकिरी शेवाळावर चालायचं, जोडीला थोडं केल्प पावडरचं बॅगेतलं खाद्य, पण ओला केल्प म्हणजे बहुतेक पाणीच, १२ ते १७ किलो घाला तेव्हा कुठे किलोभर वजन चढतं, आणि इथला हिवाळा म्हणजे जून-जुलै, समुद्र खवळला की बोटी जात नाहीत आणि बास्केटमधली जनावरं उपाशी. म्हणून फेब्रुवारीत मॅनेजरने हे मागवलं, केल्प पावडरच्या जागी उल्वाची पावडर असलेलं. उल्वा म्हणजे तेच पातळ हिरवं शेवाळ, ज्याच्यावरून रत्नागिरीला कॉलेजात असताना कातळावर मी दोनदा सपशेल आडवा झालोय. इथे ते फार्मच्या सांडपाण्यात मुद्दाम वाढवतात, पाण्यातला अमोनिया ओढून घेतं आणि प्रोटीन कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांवर जातं. केल्पमध्ये त्याच्या निम्मंही नाही.

पहिला आठवडा कोणी तोंड लावलं नाही. केल्पची सवय. मग खायला लागली पण सकाळी बघावं तर अर्धे तुकडे भिजून लगदा, बास्केटखाली बुळबुळीत थर, आणि तो धुवायचा कोणी तर मी. मी लगेच निदान केलं, केल्पमध्ये अल्जिनेट असतं ते चिकटवून ठेवतं, उल्वात ते नाहीच, कंपनीने बाइंडरमध्ये, म्हणजे तुकडा बांधून ठेवणाऱ्या पदार्थात काटकसर केली. तसा चांगला लांबलचक मेलही ठोकला.

आता इथे मला शब्द मागे घ्यावे लागतात. जूनमध्ये कळलं की पोरं शुक्रवारी लवकर सुटायला दुपारी एकलाच खाद्य टाकत होती, आणि एकाचं बघून बाकीच्या दिवशीही तेच. ही जनावरं अंधार पडल्यावर खातात. पाच वाजता टाकायला लागलो तर लगदा जवळजवळ बंद. वाढही बरी आहे, सप्टेंबरच्या मोजणीत जुन्या खाद्यापेक्षा मागे नव्हती, आणि वादळाच्या दिवसांत बोटीची वाट बघायची कटकट गेली.

पण चुरा!! प्रत्येक बॅगेच्या तळाशी. २० किलोच्या बॅगेत मी चाळून वजन केलं, ६४० ग्रॅम. चिवड्याच्या डब्याच्या तळाशी उरतो तसाच, पण चिवड्याचा निदान चमच्याने खाता येतो, हा पाण्यात टाकला की जनावराला पकडता येत नाही, नुसता कुजतो. म्हणजे पैसे देऊन घाण विकत घ्यायची. कंपनीचा माणूस म्हणाला ट्रकमध्ये हादरे बसतात. अहो, जुन्या खाद्याच्या बॅगा पण त्याच रस्त्याने यायच्या ना, त्यात मूठभर निघायचा. तुकडा ठिसूळ आहे, अल्जिनेटचा मुद्दा इथे तरी मी सोडणार नाही. मॅनेजर म्हणतो ६४० ग्रॅमसाठी कशाला डोकं फोडतोस. महिन्याला किती बॅगा उघडतो ते त्याने मोजावं.

खूप भांडल्यावर एक बॅग फुकट पाठवली.

तीही चाळली. ७१० ग्रॅम. काट्याचा फोटो पाठवून बारा दिवस झाले.