फरशीच्या घरासाठी हलका स्टिक व्हॅक्यूम : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. क्षेत्रफळ साडेसातशे चौरस फूट. बाहेरच्या खोलीत आणि झोपायच्या दोन्ही खोल्यांत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, तर स्वयंपाकघरात आणि मागच्या गॅलरीत अजूनही मूळची शहाबादी फरशी आहे. गालिचा एकही नाही. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या असून त्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे सकाळी केर काढायला सुरुवात झाली की त्या गॅलरीत जाऊन बसत आणि धूळ खाली बसेपर्यंत आत येत नसत. माझे उजवे मनगट दोन वर्षांपूर्वी दुखावले होते, म्हणून चाकांवर ओढायचा जुना मोठा व्हॅक्यूम माळ्यावरून काढणे आणि पुन्हा वर ठेवणे मला जमत नव्हते. या दोन कारणांसाठी गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आम्ही साडेचौदा हजार रुपयांचा एक हलका, बिनवायरचा स्टिक व्हॅक्यूम घेतला. मॉडेलचे नाव येथे देत नाही, कारण या वर्गातली मॉडेले भराभर बदलतात आणि वाचणाऱ्याला आज नेमके तेच मिळेल असे नाही. निवडताना काय पाहावे, हे मात्र बदलत नाही.

खरेदीपूर्वी मी ज्या आकड्याकडे सर्वाधिक लक्ष दिले, तो आमच्या घराच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाचा ठरला. प्रत्येक खोक्यावर ओढीचा जोर किलोपास्कलमध्ये ठळक छापलेला असतो आणि विक्रेतेही त्याच आकड्यावरून यंत्रांची तुलना करतात. हा दाब यंत्राचे तोंड पूर्ण बंद असताना, म्हणजे हवा वाहतच नसताना, मोजलेला असतो. प्रत्यक्ष केर उचलला जातो तो वाहत्या हवेने, आणि वाहती हवा किती राहील हे नळी, फिल्टर, धुळीचा डबा आणि तोंडाची रचना या सगळ्यांवर ठरते. वॉटचेही तसेच आहे. युरोपीय संघाने वायरच्या घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरवर २०१४ मध्ये १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, कारण मोटर जितकी वीज खाते तितकी सफाई चांगली होतेच असे नाही. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली माती उपसायला जोर लागतो, परंतु गुळगुळीत टाइलवर धूळ नुसती वर पडलेली असते. तिथे प्रश्न ओढीपेक्षा तोंडाचा असतो.

हे मला शेजारच्या काकूंच्या यंत्रावरून समजले. ते वापरून पाहण्यासाठी मी दोन दिवस मागून आणले होते. त्याच्या तोंडात राठ केसांचा फिरता ब्रश होता. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरात सांडलेल्या साबुदाण्यावरून तो फिरवला, तर निम्मा साबुदाणा आत गेला आणि उरलेला मागे, थेट फ्रिजखाली उडाला. कडक केसांचा ब्रश गालिच्यासाठी असतो. टाइलवर तो दाणे उचलण्याऐवजी फेकतो. दुसरा दोष याच्या उलट असतो. तोंडाची पुढची कडा फरशीला टेकलेली असेल, तर तूरडाळीसारखे मोठे दाणे आत न शिरता कडेपुढे ढकलले जातात आणि शेवटी भिंतीशी त्यांचा ढीग होतो. फरशीसाठी लागतो तो मऊ, लोकरी कापडासारखा, तोंडाच्या पूर्ण रुंदीचा रोलर, आणि त्याची पुढची बाजू उघडी असलेले तोंड.

म्हणून दुकानात जाताना मी कागदाच्या दोन पुड्या बरोबर नेल्या, एकीत रवा आणि दुसरीत तांदूळ, मोहरी व थोडी तूरडाळ. दुकानदार गालिच्याच्या तुकड्यावर प्रात्यक्षिक दाखवत होते. मी त्यांना विनंती करून दुकानाच्या फरशीवरच या पुड्या पसरल्या. चार यंत्रांपैकी दोघांनी डाळ ढकलली, एकाने मोहरी उडवली. चौथे आम्ही घेतले, आणि किलोपास्कलच्या हिशेबात ते चौघांत तिसरे होते. ही तपासणी दहा मिनिटांत होते आणि मी ती प्रत्येकाला आग्रहाने सुचवेन.

वजनाच्या बाबतीत खोक्यावरचा मजकूर फसवा असू शकतो. आमच्या खोक्यावर १.४ किलो लिहिलेले आहे, पण ते फक्त हातात धरायच्या भागाचे वजन आहे. प्रवासाच्या बॅगा तोलण्याच्या हुकाच्या काट्यावर नळी आणि तोंडासकट पूर्ण यंत्र टांगले तेव्हा २.५ किलो भरले. अर्थात फरशी झाडताना हे सगळे वजन हातावर येत नाही, कारण तोंडाकडचा भार जमीन पेलते. मोटर, बॅटरी आणि डबा मुठीच्या किती जवळ आहेत यावर मनगटाचा ताण ठरतो. मोटर मुठीच्या बरीच पुढे असेल, तर यंत्र सतत पुढे झुकते आणि मनगटाला ते मागे ओढून धरावे लागते. दुकानात पाच मिनिटे सलग फिरवून पाहिल्याशिवाय हे समजत नाही. तसेच, खटका सतत दाबून धरावा लागणारी यंत्रे मी पाहताक्षणीच बाजूला ठेवली. दुखऱ्या हाताला एकदा दाबून चालू राहणारे बटणच हवे. जाळी काढण्यासाठी यंत्र छताकडे उचलले की मात्र वरचे संपूर्ण वजन हातावर येते, आणि ते काम मी आता मुलाकडे सोपवले आहे.

बॅटरीचा हिशेब घरीच करता येतो. आमची बॅटरी २१.६ व्होल्ट आणि २५०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची आहे, म्हणजे तिच्यात सुमारे ५४ वॉट-तास ऊर्जा साठते. यंत्र सर्वाधिक जोरावर ४०० वॉट घेत असेल, तर ती ऊर्जा आठ मिनिटांत संपणार हे उघड आहे, आणि आमचा अनुभव अगदी तसाच आहे. मधल्या वेगावर सुरुवातीला १९ मिनिटे मिळत होती आणि सर्वांत कमी वेगावर साधारण अर्धा तास. खोक्यावरची ४० मिनिटे रोलर न जोडता, सर्वांत कमी वेगावरची आहेत. आमच्या संपूर्ण घराला मधल्या वेगावर १६ ते १७ मिनिटे लागतात, त्यामुळे एका चार्जमध्ये काम होते. हजार चौरस फुटांच्या पुढे घर असेल तर जास्तीची बॅटरी धरूनच खर्चाचा अंदाज करावा. अकरा महिन्यांनी मधल्या वेगावर १७ मिनिटे मिळतात. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. सुरुवातीला भिंतीवरचे स्टँड आम्ही गॅलरीत बसवले होते, जिथे दुपारी ऊन येते. मार्च उजाडताच ते आतल्या बोळात हलवले. सफाई झाल्यावर बॅटरी गरम असते, म्हणून अर्धा-पाऊण तास थांबून मगच चार्जिंगला लावते.

आता फिल्टरविषयी, कारण आमच्या हवामानात या यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते. हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, हा शब्द आता जवळजवळ प्रत्येक खोक्यावर दिसतो, पण त्यापुढे वर्ग लिहिलेला आहे का ते पाहावे. युरोपीय मानकातला एच-१३ वर्ग म्हणजे अडवायला सर्वांत अवघड आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडले पाहिजेत. हेपा-सारखा, हेपा प्रकारचा अशा शब्दांना तसा अर्थ नसतो. शिवाय फिल्टर उत्तम असूनही त्याच्या कडेचे रबर नीट बसत नसेल, तर धुळीची हवा बाजूने निसटते. तिसऱ्या महिन्यात आमच्या फिल्टरच्या बाहेरच्या कडेला करडी रेघ दिसली, ती याचीच खूण होती. रबर पुसून, फिल्टर दाबून फिरवून बसवल्यावर ती पुन्हा उमटली नाही. सासूबाई आता सफाईच्या वेळी आतच बसतात. त्यांचा दमा यंत्राने बरा झाला असे मी म्हणणार नाही, औषधे पूर्वीसारखीच चालू आहेत. पण केर काढताना उसळणारी धूळ उसळत नाही आणि सकाळचा त्यांचा खोकला कमी झाला, हे आम्ही सगळे पाहतो आहोत. डबा रिकामा करताना मात्र तीच धूळ पुन्हा उडू शकते, म्हणून ते काम त्यांच्यापासून दूर, गॅलरीत, ओलसर वर्तमानपत्रावर डबा अगदी खाली टेकवून करावे लागते.

फिल्टर धुता येतो, असे माहितीपत्रकात लिहिले आहे, आणि धुतल्यावर चोवीस तास वाळवावा, असेही. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये चोवीस तासांत तो वाळत नाही. पहिल्यांदा धुतला तेव्हा दुसऱ्या दिवशी वरून कोरडा लागला म्हणून मी बसवला, आणि यंत्रातून कुबट वास येऊ लागला. आतल्या घड्यांत ओल तशीच होती. ओल्या फिल्टरवर धूळ लिंपली जाते आणि मोटरलाही ते बरे नाही. त्यानंतर पंख्याखाली ठेवूनही पूर्ण वाळायला तीन दिवस लागले आणि तेवढे दिवस घरात पुन्हा झाडू आला. फिल्टरचा दुसरा जोड यंत्राबरोबरच घ्यावा, हा माझा या अकरा महिन्यांतला सर्वांत ठाम सल्ला आहे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना तर त्यावाचून पावसाळा काढता येईल असे मला वाटत नाही.

दुसरा धडा दिवाळीत मिळाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दारातली मोठी रांगोळी मी यंत्राने उचलली. दोन मिनिटांत उंबरठा स्वच्छ झाला, आणि लगेच मोटर धापा टाकल्यासारखी थांबत-चालत आवाज करू लागली. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड. ती फिल्टरच्या प्रत्येक घडीत जाऊन बसली होती. सहा वेळा पाणी बदलले तरी ते दुधासारखे पांढरे निघत होते. रांगोळी, भिंत खरवडल्यावर पडणारा चुना, सिमेंट, उदबत्तीची राख हे सारे आता मी मऊ कुंच्याने सुपलीत भरते. धगधगीत निखारा किंवा पाणी या यंत्रात जाऊ नये हे सांगायला नको.

शहाबादी फरशीवर अनुभव संमिश्र आहे. फरशीचा सपाट भाग उत्तम निघतो, पण दोन फरश्यांमधल्या सांध्यांत अडकलेली मोहरी आणि रवा मऊ रोलर वर काढू शकत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा निमुळते तोंड लावून, पूर्ण जोरावर, एकेका सांध्यातून फिरवावे लागते. भिंतीच्या कडेलाही बोटभर पट्टा राहतो. पावसाळ्यात फरशी घामेजते आणि धूळ तिला चिकटते, तेव्हा रोलर ती उचलण्याऐवजी फासतो. अशा दिवशी आधी पंखा लावून फरशी कोरडी करणे हाच उपाय आहे. याच कारणाने फरशी पुसण्याचे काम नेहमी सफाईनंतर करावे. ओले फडके जोडून पुसण्याची सोय असलेली मॉडेलेही मिळतात. मी ती घेतली नाही, कारण नुसते ओले फडके ओढल्याने तेलकट डाग निघत नाहीत आणि जोडणीमुळे तोंड जड होते.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना यंत्र आधी पसंत नव्हते. महिनाभराने त्या म्हणाल्या, “ताई, कंबर वाकत नाही हे बरं आहे, पण कोपऱ्यात आणि जिन्यात माझा झाडूच चांगला.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. शिंदीची केरसुणी आमच्या घरात आजही आहे, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते, आणि गॅलरीतला पाला-पाचोळा तीच काढते.

एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. आठव्या महिन्यात रोलरच्या टोकाची टोपी तुटली. घरात लांब केसांच्या आम्ही तिघी आहोत, टोकाला केस गुंडाळले जातात आणि दर रविवारी ते कात्रीने कापून काढावे लागतात. दोन आठवडे ते राहून गेले होते, हा माझा दोष. मात्र नवा रोलर मिळायला पाच आठवडे लागले, आणि त्या काळात सेवा केंद्राने तीन वेळा वेगवेगळी तारीख सांगितली. चौदा-पंधरा हजारांची वस्तू चारशे रुपयांच्या भागासाठी महिनाभर भिंतीवर टांगून राहावी हे योग्य नाही. पैसे देण्यापूर्वी फिल्टर, रोलर आणि बॅटरी हे तीन भाग सुटे मिळतात का, केवढ्याला मिळतात, आणि बॅटरी घरच्या घरी खटक्याने बदलता येते का, हे विचारून घ्यावे. बॅटरी आतच पक्की बसवलेली असेल, तर यंत्राचे आयुष्य बॅटरीच्या आयुष्याएवढेच धरावे.

तोंडाला असलेला छोटा दिवा मला दुकानात अनावश्यक वाटला होता. तो फरशीलगत आडवा प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रत्येक कणाची सावली पडते आणि पलंगाखाली नेमके कुठे राहिले ते दिसते. आता दिवा नसलेले यंत्र मी घेणार नाही.

यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी मी फिल्टरचा दुसरा जोड आणि एक जास्तीचा रोलर मागवून ठेवला आहे. जुना जोड परवाच धुतला. मेच्या कोरड्या हवेत, सावलीत, तो एका दिवसात खडखडीत वाळला.