लंडनला पहिल्यांदा जाताय तर ब्लूम्सबरीत रहा

लंडनमधे कुठे राहायचं असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून ब्लूम्सबरी हा मध्य लंडनमधला भाग सांगते, त्यातही रसेल स्क्वेअर स्टेशनच्या आसपास. आपण काय करतो, आधी रूमचे फोटो बघतो, रेटिंग बघतो, ब्रेकफास्ट आहे का बघतो आणि एरिया शेवटी. लंडनला आधी ट्यूबचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा नकाशा उघडा, हॉटेल नंतर.

रसेल स्क्वेअर पिकाडिली लाइनवर आहे आणि ही लाइन थेट हीथ्रो विमानतळाहून येते, म्हणजे रात्रभराच्या फ्लाइटनंतर बॅगा ओढत गाडी बदलायची भानगडच नाही, बसायचं आणि तासाभराने उतरायचं. स्टेशनातून वर लिफ्टनेच या हं, तिथल्या गोल जिन्याला पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. २०२२ ला सुरू झालेली एलिझाबेथ लाइन जास्त फास्ट आणि एसी आहे, ती हवी असेल तर ब्लूम्सबरीच्या टॉटनहॅम कोर्ट रोडकडच्या बाजूला हॉटेल शोधा.

आणि चालत काय काय होतं बघा! ब्रिटिश म्युझियम तर अगदी जवळ आणि तिकीट नाही, त्यामुळे रोज थोडं थोडं बघता येतं, एका दिवसात पाय मोडून घ्यायची गरज नाही. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे. युस्टन स्टेशनही चालत जाण्यासारखं, तिथून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरलात की १०, किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मधे राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ मधे घेतलेलं. हे चुकवू नकाच, खरंच सांगते.

आता तक्रारीचं. इथली बरीच छोटी हॉटेलं म्हणजे जुनी उभी घरं, रूम एवढुश्या, बॅग उघडली की चालायला जागा नाही, जिने अरुंद आणि कित्येक ठिकाणी लिफ्ट नाही, एसी नाही. आई-बाबा सोबत असतील, गुडघे दुखत असतील तर बुक करायच्या आधी मेल करून कितवा मजला ते विचारा. 'लोअर ग्राउंड' लिहिलं असेल तर ती रूम तळघरात आहे असं समजा, उजेड कमीच असतो.

साउथ केन्सिंग्टन पण छान, मोठी म्युझियम्स शेजारी, पण महाग. अर्ल्स कोर्टही पिकाडिली लाइनवरच आणि बरेचदा स्वस्त मिळतं. मुलं असतील आणि मोठी रूम, लिफ्ट पाहिजेच असेल तर स्ट्रॅटफर्डच्या नव्या बिल्डिंगमधली हॉटेलं बघा, लांब वाटतं पण सेंट्रल, ज्युबिली, एलिझाबेथ तिन्ही लाइन आहेत.

लंडनमधे तिकिटासाठी झोन पाडलेत, अगदी मधला भाग झोन १, त्याच्या बाहेरचा झोन २. हॉटेल झोन २ मधे घेतलं तर प्रवासाचं भाडं डबल होईल असं वाटून लोक घाबरतात. कॉन्टॅक्टलेस कार्डाने फिरलात की दिवसाला ठराविक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत आणि ही लिमिट झोन १ आणि झोन १-२ ला सारखीच आहे. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, ट्यूबला चढताना-उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं, बसला फक्त चढताना. ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत ट्यूब फुकट. शनिवार-रविवारी कधी कधी दुरुस्तीच्या कामासाठी लाइन बंद ठेवतात, त्यामुळे वीकेंडला पोहोचणार असाल तर पिकाडिली चालू आहे ना ते आधी बघून घ्या.