लेबल २३० व्होल्टचं, आत ट्रान्सफॉर्मर १२० चा: जुना ट्यूब ॲम्प घेताना झालेली फसवणूक

ठाण्यातून गिटारचे जुने ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर) विकणारा एक माणूस आहे. त्याने मला ५५ हजारांना एक कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) विकला आणि हातोहात फसवलं. त्याच्या जाहिराती अजून चालू आहेत. नाव बदललंय, नंबर बदललाय, पण फोटोंमागचा हिरवट चौकटीचा पडदा तोच आहे. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्याने ॲम्पच्या आत जे करून ठेवलं होतं त्याने एखाद्याच्या घरात आग लागू शकते, आणि म्हणून हे सगळं नीट सांगायला हवं.

मी पुण्यात ऑर्केस्ट्रात आणि अधूनमधून कॅफेंमध्ये वाजवतो. एकाच कार्यक्रमात जुन्या हिंदी गाण्यांची स्वच्छ, घंटेसारखी गिटार लागते, आणि पुढच्याच गाण्याला दाणेदार क्रंच, म्हणजे किंचित फाटलेला आवाज. त्यामुळे दोन्ही पेलणारा एकच कॉम्बो हवा होता. ईएल८४ ट्यूबचे १५ वॉटचे कॉम्बो फार गोड वाजतात, पण ड्रमर जोरात आला की त्यांचा क्लीन टोन फाटायला लागतो. ईएल३४ वाल्या ब्रिटिश वळणाच्या ॲम्पचा क्रंच मला जिवापाड आवडतो, मात्र माझ्या कामात क्लीन जास्त लागतो. शेवटी दोन ६एल६ (मोठ्या पॉवर ट्यूब) आणि तीन १२एएक्स७ (छोट्या ट्यूब) असलेला फेंडर कंपनीचा ४० वॉटचा हॉट रॉड डीलक्स नक्की केला. १२ इंची स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगांनी आवाजाला घुमारा देणारी सोय), इफेक्ट्स लूप, शिवाय पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची यंत्रं) छान घेतो. (१५ आणि ४० वॉटमध्ये कानाला जाणवणारा फरक जेमतेम ४ डेसिबलचा असतो. ४० घ्यायचा तो आवाज मोठा मिळावा म्हणून नाही. आवाज चढवला तरी तो स्वच्छ राहावा म्हणून.)

नवा घ्यायचा तर किंमत लाखाच्या घरात, म्हणून जुना शोधत होतो. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘इंडियन पीस, २३० व्होल्ट, ओरिजिनल ट्यूब्स, फक्त घरी वापरलेला’. भाव ५८ हजार.

मी पोचलो तेव्हा ॲम्प आधीपासून चालू होता, तापलेला. माणूस बोलायला अतिशय गोड. ‘दादा, तुम्ही लांबून येणार म्हणून गरम करून ठेवला, ट्यूबला वेळ लागतो ना.’ ऐकायला सौजन्य वाटतं. पण थंड ॲम्प सुरू होताना जे कळतं, सुरुवातीचा हम (घूं असा आवाज) किती, ट्यूब किती वेळात जाग्या होतात, कुठली करकरते, ते सगळं त्यामुळे झाकलं गेलं. वाजवायला त्याने स्वतःचा पेडलबोर्ड पुढे केला. त्यावर रिव्हर्बचं पेडल होतं आणि ॲम्पवरचं रिव्हर्बचं बटण शून्यावर. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, ‘स्प्रिंग रिव्हर्ब या छोट्या खोलीत गडगडतो, राहू दे.’ व्हॉल्यूम वाढवायला लागलो तर, ‘दादा, दुपारची वेळ आहे, सोसायटीवाले लगेच वर येतात.’ मागची पट्टी पाहिली. त्यावर २३० व्होल्टचं स्टिकर होतं, छापील आणि सरळ चिकटवलेलं. पैसे रोख मागत होता. मी यूपीआयवर अडून बसलो, तेवढं बरं झालं. ५५ ला व्यवहार ठरला.

घरी हळू आवाजात सगळं ठीक चाललं. पहिल्यांदा हॉलवर नेला आणि आवाज ४ च्या पुढे चढवला, तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते कळायला लागलं. जोरात स्ट्रम मारला की आवाज आत ओढल्यासारखा बसायचा, मग पुन्हा वर यायचा. दुसऱ्या गाण्यापर्यंत वार्निश जळल्याचा वास. मागून वाकून पाहिलं तर एका ६एल६ ची करडी प्लेट मधोमध लाल झाली होती. इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुष्कळ जण उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. ट्यूबच्या आतल्या हीटरचा नारिंगी उजेड हे तिचं रोजचं काम. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. मात्र बाहेरची धातूची प्लेटच लाल पडली असेल, तर त्या ट्यूबमधून प्रमाणाबाहेर करंट जातोय. स्टँडबायच्या (ॲम्प तात्पुरता थांबवायच्या) बटणाच्या नादी न लागता सरळ प्लग काढायचा. मी काढला.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले एक काका बसतात. त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी कॅपॅसिटर रिकामे केले आणि मला हात मागे ठेवायला लावले. प्लग काढल्यावरही त्यात ४०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात आणि तेवढ्याने माणूस जातो. मग ते कॅबिनेटच्या तळाशी असलेल्या काळ्या रेक्झिनच्या पिशवीकडे वळले. या पिशवीत रिव्हर्बची टाकी असते, लांबट पत्र्याची, आत स्प्रिंगा ताणलेल्या. काकांनी पिशवी हातात घेतली, तोलली आणि म्हणाले, ‘अरे, ही टाकी इतकी जड कशी?’

टाकी नव्हतीच. फोममध्ये गुंडाळलेला एक छोटा ऑटोट्रान्सफॉर्मर होता, २३० चे ११० करणारा, वर ‘१०० व्हीए’ (म्हणजे साधारण १०० वॉटचा भार पेलणारा) ठोकलेलं. मेनची वायर सॉकेटमधून थेट खाली पिशवीत, तिथून परत वर चासीत, म्हणजे ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्यात. रिव्हर्बच्या दोन वायरींसोबत टेपने अशी बांधली होती की मागून पाहणाऱ्याला रिव्हर्बचीच वाटावी. काकांनी नखाने २३० चं स्टिकर सोलून काढलं. खाली कंपनीची मूळ छपाई होती: १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला पीस, कुणाच्या तरी सामानातून इकडे आलेला.

आता यातली लबाडी समजून घ्या. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ॲम्प भारतात चालवणं हा काही गुन्हा नाही. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) बाहेर उघडा ठेवून कितीतरी लोक वर्षानुवर्षं वाजवतात. ४० वॉटचा ट्यूब ॲम्प भिंतीतून मात्र ४० वॉट घेत नाही, तो शंभरच्या बराच वर जातो, आणि जोरात वाजवला की आणखी. म्हणून निदान ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा. या माणसाने १०० व्हीएचा लावला, कारण पिशवीत तेवढाच मावतो. बैठकीच्या खोलीत हळू वाजवताना तो टिकतो. स्टेजवर त्याचा व्होल्टेज बसतो, तो तापतो, आणि सभोवती फोम, रेक्झिन नि लाकूड. त्यात फ्यूजची काचेची नळी उडालेली होती आणि तिच्यावर चांदीचा कागद गुंडाळला होता. म्हणजे आग लागायच्या आधी तुटायची जी एकमेव गोष्ट होती, तीच त्याने बंद करून टाकली होती. हे पाहून काकांच्या तोंडून शिवी गेली. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

‘ओरिजिनल ट्यूब्स’ची गोष्टही तशीच. दोन ६एल६ दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एकीवरची छपाई घासून पुसलेली. पॉवर ट्यूब जुळलेली जोडी म्हणून घेतात आणि लावल्यावर बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर करंट) लावून घेतात. इथे कुठल्याशा भंगारातून आलेली दुसरी ट्यूब नुसती खोचली होती, आणि तीच लाल पडत होती.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, ‘तुमच्या घरचं अर्थिंग बघा.’ मग मी पिशवीचा फोटो पाठवला आणि त्याने मला ब्लॉक केलं.

हे सगळं ऐकल्यावर ओळखीच्या वादकांकडून बाकीचे प्रकारही कळले. सगळ्यात जास्त चालणारा म्हणजे हायब्रिड ॲम्प ‘फुल ट्यूब’ म्हणून खपवणं. मार्शलच्या व्हॉल्व्हस्टेट किंवा व्हॉक्सच्या व्हीटी मालिकेत एकच १२एएक्स७ असते, शेवटचा पॉवर विभाग ट्रान्झिस्टरचा. कंपन्या हे उघड सांगतात आणि ॲम्प आपापल्या जागी चांगलेही आहेत. पण जुन्या बाजारात विकणारा ती एक ट्यूब दाखवतो आणि ट्यूब ॲम्पचा भाव लावतो. मागून टॉर्च मारून ट्रान्सफॉर्मर मोजा. खऱ्या ट्यूब कॉम्बोत पॉवर ट्रान्सफॉर्मर तर असतोच, शिवाय स्पीकरकडे जाणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही असतो. तो नसेल तर पुढचं बोलणंच नको.

बघायला जाताना आधीच निरोप द्या की ॲम्प थंड हवा, मी आल्यावर लावायचा. फक्त गिटार आणि केबल, मध्ये काही नाही. अर्धा तास चालू ठेवा, त्यातली काही मिनिटं तरी पूर्ण आवाजात. घरी जमत नसेल तर भेटायचं ठिकाण जॅमरूम ठेवा, तासाचं भाडं तुम्ही द्या. ट्यूब दिसतील एवढी मागची वरची फळी स्क्रू काढून उघडायला सांगा. प्रामाणिक विकणाऱ्याला यात अडचण नसते. मी नंतर असे दोघं पाहिले, दोघांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, अर्ज दिला आहे. यूपीआयची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सोललेलं स्टिकर आणि काकांचं सहीचं निवेदन सोबत जोडलंय. अजून पैसे मिळालेले नाहीत. याच माणसाकडून घेतलेले आणखी कुणी असतील तर त्यांनीही आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. एकट्याची तक्रार ‘आपसातला व्यवहार’ म्हणून बाजूला पडते, हे मी अनुभवतोय.

आणि गेल्या काही महिन्यांत ठाण्याकडून असा कॉम्बो घेतला असेल तर आजच एक करा. रिव्हर्बचं बटण अर्ध्यावर आणा आणि कॅबिनेटला बाजूने हलकी थाप मारा. आत स्प्रिंगा असतील तर स्पीकरमधून खणखणाट येईल. काहीच आलं नाही, तर प्लग काढा, स्वतः उघडू नका, आणि कॅपॅसिटर रिकामे करता येणाऱ्या माणसाला आधी ती तळाची पिशवी बघायला सांगा.