गणित झकास, पण ‘मानववंश’ प्रकरण जपून शिकवा

फोंड्याला घरी शिकवण्या घेते. सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलं बहुतेक केपे, सांगे, धारबांदोडा भागातली. त्यांच्यासाठी म्हापशाच्या बाजारातून हे जाडजूड मराठी सामान्य ज्ञान मार्गदर्शक आणलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही. या पुस्तकांचं बरंचसं एकमेकांवरून उतरवलेलं असतं, त्यामुळे एकट्यालाच झोडण्यात अर्थ नाही.

अंकगणित आणि बुद्धिमापन उत्तम. उदाहरणं पायरीपायरीने सोडवलेली, छपाई स्वच्छ. बांधणी मात्र यथातथाच, मधली पानं आताच सुटायला लागलीत. गोव्याच्या वाट्याला जेमतेम दोन पानं: 1961 ची मुक्ती, 1987 चा राज्याचा दर्जा, मांडवी आणि जुवारी. झालं.

माझं भांडण आहे ते ‘भारतातील मानववंश’ या प्रकरणाशी. एक कोष्टक, शेजारी बाजूने काढलेले चार चेहरे, आणि नेग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड, नॉर्डिक अशी यादी. वाक्यं सगळी वर्तमानकाळात: ‘या वंशाचे नाक रुंद असते.’ ही वर्गवारी मानववंशशास्त्रज्ञ बी. एस. गुहा यांची, 1931 च्या जनगणनेच्या वेळची, हे कुठेही लिहिलेलं नाही. त्याआधी 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून लोकांची प्रतवारी लावत होते. त्यांनी मराठी मुलखातल्या ब्राह्मण-कुणब्यांना ‘सिथो-द्रविडियन’ म्हणजे शक आणि द्रविड यांचं मिश्रण ठरवलं होतं. हे पुस्तकात असतं तर मुलं हसली असती आणि प्रकार काय आहे ते लगेच कळलंही असतं. पण मराठी वाचकाला झोंबेल तेवढं गाळलंय आणि बाकीच्यांबद्दलचं जसंच्या तसं ठेवलंय.

कोष्टकाखाली एक ओळ आहे: गोव्यातील आदिवासी प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड. आमच्या वर्गातल्या एका वेळीप या आदिवासी समाजाच्या मुलीने त्यावर बोट ठेवून विचारलं, “टीचर, आमी हांगा खंय?” (आम्ही इथे कुठे?) मागच्या बाकावर एकाने तोवर पट्टी काढून शेजाऱ्याचं नाक मोजायला घेतलंच होतं. मी पट्टी काढून घेतली आणि फळ्यावर दोन साल लिहिली, 1901 आणि 1931. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे. ब्रिटिशांची ती शिरगणती इथे झालीच नव्हती. गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तो कायद्याने. नाकाच्या मापाने नव्हे. परीक्षेला विचारण्याजोगं हे आहे, आणि नेमकं तेच पुस्तकात नाही.

हे एका प्रकरणापुरतंही नाही. आरोग्याच्या भागात डाऊन सिंड्रोमला अजून ‘मंगोलिझम’ म्हटलंय. ब्रिटिश डॉक्टर डाऊन यांनी 1866 मध्ये त्या मुलांना मंगोल लोकांसारखी म्हटलं, म्हणून ते नाव पडलं. मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1965 मध्ये ते सोडून दिलं. आफ्रिकेच्या नकाशाखाली ‘नीग्रो’. अमेरिकेने आपल्या संघीय कायद्यांतून हा शब्द 2016 मध्ये काढला. गोऱ्यांसाठीचा ‘कॉकेशियन’ तिकडे अजून चालतो हे खरं, पण तोही अठराव्या शतकातल्या जर्मन अभ्यासक ब्लूमेनबाख यांच्या कवट्यांच्या संग्रहातून आलेला.

हे शब्द पुस्तकातून हाकलून द्या असं माझं म्हणणं नाही. प्रश्नपत्रिकेत गुहांची वर्गवारी येते, मुलांना गुण हवेत. ‘गुहा यांच्या मते’ एवढे तीन शब्द आणि साल घाला, क्रियापदं भूतकाळात न्या. अंदमानच्या लोकांना नुसतं नेग्रिटो म्हणून मोकळं न होता ओंगे, जारवा ही त्यांची नावं द्या. एका पानाचं काम आहे. ‘सुधारित आवृत्ती’ असं मुखपृष्ठावर ठळक छापलंय म्हणून तरी.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन गणिताचे. घ्यायचंच असेल तर जुनी प्रत अर्ध्या किमतीत मिळते का बघा. हे प्रकरण तिच्यातही असंच असणार.