चर्चेस ऐकायला घेताय? पहिला अल्बम की चौथा

ग्लासगोच्या चर्चेस या बँडचं एखादं गाणं कुठल्यातरी प्लेलिस्टमध्ये लागलं, आवडलं, आणि आता अख्खा अल्बम ऐकू या असं मनात आलं, तर समोर चार पर्याय येतात: 'द बोन्स ऑफ व्हॉट यू बिलीव्ह' (२०१३), 'एव्हरी ओपन आय' (२०१५), 'लव्ह इज डेड' (२०१८) आणि 'स्क्रीन व्हायलन्स' (२०२१). चारही इलेक्ट्रॉनिक पॉपचे आणि चारही त्याच तिघांचे. लॉरेन मेबेरी गाते, इयन कुक आणि मार्टिन डोहर्टी सिंथ (म्हणजे सिंथेसायझर), बेस, गिटार सांभाळतात. तरीही सुरुवात कुठून केली यावर बरंच अवलंबून आहे. भलत्या अल्बमपासून सुरुवात झाली की लोक 'गोड आवाजाची आणखी एक पॉप गायिका' म्हणून पुढे निघून जातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. खरी निवड पहिल्या आणि चौथ्या अल्बममध्ये आहे. दुसरा त्यांच्या पाठोपाठ, तिसरा सगळ्यात शेवटी.

ही माणसं मुळात पॉपमधली नव्हेत. कुक आधी एरोग्रामसारख्या गिटारप्रधान बँडमध्ये होता, डोहर्टी द ट्वायलाइट सॅड या बँडबरोबर दौऱ्यांवर वाजवायचा. त्या संगीतात गडद, दाट आवाजाच्या भिंती असतात. मेबेरी ड्रम वाजवायची, कायदा शिकलेली होती आणि त्यानंतर तिने पत्रकारितेचं शिक्षण घेतलं होतं. २०११ मध्ये हे तिघं कुकच्या ग्लासगोतल्या तळघरातल्या स्टुडिओत एकत्र आले आणि पुढच्या वर्षी 'लाइज' आणि 'द मदर वी शेअर' ही गाणी इंटरनेटवरून पसरली. पॉप करायचं, पण अंगातला गडदपणा सोडायचा नाही, हे तेव्हापासूनच दिसतं.

पहिला अल्बम त्याच तळघरात झाला. 'द मदर वी शेअर'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. शब्द सुरू होण्याआधी आवाजाचे बारीक तुकडे कापून, उलटसुलट जोडून त्याचीच धून केलेली आहे. माणसाचा गळा आहे की यंत्र, हे क्षणभर कळत नाही, आणि मग मेबेरी अगदी स्वच्छ, सरळ सुरात गायला लागते. साऱ्या अल्बमची जादू या जोडीत आहे. सिंथ जाड, खरखरीत, कधीकधी दांडगट, आणि त्यांच्या मधोमध एक बिनकंपाचा, कुठलीही हरकत न घेणारा आवाज. अल्बमचं आणि गाण्यांची नावं बघितली तर हाडं, फुप्फुसं, गळा, बंदूक असं सगळं हाताशी येतं. 'गन'ची चाल इतकी लाघवी आहे की आपण गुणगुणत असतो ती चक्क धमकी आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ध्यानात येतं.

या अल्बमचा एक दोषही सांगायला हवा. तो थोडा लांबतो. डोहर्टी गातो ती 'अंडर द टाइड' आणि शेवटचं 'यू कॉट द लाइट' सगळ्यांनाच रुचत नाहीत. मला स्वतःला 'यू कॉट द लाइट' आवडतं, कारण त्यात या मंडळींची जुनी, संथ, धूसर बाजू उघडी पडते. पण नव्या श्रोत्याने ते पहिल्या दिवशी ऐकलंच पाहिजे असं नाही.

दुसरा अल्बमही त्याच जागेत झाला. सिंथ मोजके, प्रत्येकाला भरपूर जागा, आवाज पुढे आणलेला. 'क्लिअरेस्ट ब्लू' त्यातलं सर्वात पक्कं गाणं. दोन मिनिटं उलटली तरी ते समेवर येत नाही. ठेका तोच, सूर तेच, फक्त एकेक थर चढत जातो आणि गायिका एकच विनवणी पुन्हापुन्हा करत राहते. मग सिंथ असा कोसळतो की बसलेला माणूस उठतो. नाचायला, धावायला, लांबच्या प्रवासाला अल्बम हवा असेल तर बाकीचा विचार न करता हाच घ्या. फक्त एवढं की त्याचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो. 'लीव्ह अ ट्रेस'मध्ये राग आहे, पण तोही घासूनपुसून लखलखीत केलेला. पहिल्यातली खरखर इथे शोधायला गेलात तर चुटपुट लागेल.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. तोपर्यंत दोन्ही अल्बम स्वतःच प्रोड्यूस करणाऱ्या या तिघांनी पहिल्यांदाच बाहेरचे प्रोड्यूसर घेतले. बहुतेक काम ग्रेग कर्स्टिनचं, 'मिरॅकल' स्टीव्ह मॅकचं. 'ग्रेव्ह्ज' आणि 'गेट आउट' चांगली गाणी आहेत. द नॅशनल या बँडचा गायक मॅट बर्निंजर 'माय एनिमी'मध्ये येतो तेव्हा त्याच्या खर्जाने अल्बमला जरा वजन येतं. पण एकूणात मोठ्या मैदानासाठी सगळं रुंद केलंय आणि रुंद करताना कडा गुळगुळीत झाल्यात. ही गाणी इतर कुणीही गायली असती, असं वाटायला लागतं. पहिल्या अल्बमबद्दल तसं कधीच वाटत नाही.

आता चौथा. 'स्क्रीन व्हायलन्स' महासाथीच्या काळात झाला, मेबेरी आणि डोहर्टी लॉस एंजेलिसमध्ये आणि कुक ग्लासगोत, पडद्यावरून एकमेकांशी बोलत. प्रोड्यूसर पुन्हा हे तिघंच. 'स्क्रीन व्हायलन्स' हे नाव एके काळी त्यांनी बँडसाठीच विचारात घेतलं होतं, पण इथे ते नेमकं बसलं. मेबेरीवर इंटरनेटवरून जे काही फेकलं गेलं त्याविषयी तिने पहिला अल्बम आला त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१३ मध्ये, 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. २०१९ मध्ये एका सार्वजनिक वादानंतर बँडला बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. या अल्बममध्ये ते सगळं गाण्यांत उतरलं आणि त्याला भयपटांचा साज मिळाला. सगळे मारले गेल्यावर शेवटी उरते ती मुलगी 'फायनल गर्ल'मध्ये स्वतःच्याच कारकिर्दीकडे बघते. 'ही सेड शी सेड'च्या कडव्यांत पुरुषाच्या उलटसुलट अपेक्षा एकामागून एक येतात, खा पण कंबर सांभाळ, छान दिस पण त्याचं वेड नको, आणि ध्रुवपदात तिचा आवाज यंत्रातून काढून मोडलेला ऐकू येतो. पहिल्या अल्बममध्ये आवाज कापणं ही करामत होती. इथे त्याला अर्थ आहे.

आणि गिटार परत आली. 'हाऊ नॉट टू ड्राउन'मध्ये द क्युअर या रॉक बँडचा रॉबर्ट स्मिथ गातो. पाहुणा गायक म्हणून एक कडवं टाकून जाणं इथे नाही. पाच मिनिटांहून मोठ्या या गाण्यात दोन आवाज एकमेकांभोवती फिरतात आणि ड्रम खोल पाण्यातून आल्यासारखे वाजतात. कुक आणि डोहर्टी जिथून आले, त्या गडद गिटारच्या मुलखात बँड इथे पुन्हा पोहोचतो. दहाच गाणी आहेत आणि एकही वगळावंसं वाटत नाही.

तर पहिला की चौथा? तुम्ही शब्दांकडे नंतर वळत असाल, आधी ध्वनीचा पोत, बीट, हुक (कानात अडकून बसणारा तुकडा) ऐकत असाल, तर पहिला. त्यात शोध लागतोय याची हुरहूर आहे, आणि ती पुन्हा जमवून आणता येत नाही. शब्द कानात राहत असतील, गाणं कशाबद्दल आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नसेल, तर चौथा. रॉकमधून येणाऱ्यांनाही चौथाच जवळचा वाटेल. सिंथपॉप म्हणजे प्लास्टिक असा ज्यांचा ग्रह आहे, त्यांच्या हातात मी नेहमी चौथाच देते. किशोरवयीन मुलामुलींसाठी विचारत असाल तर पहिला आधी, कारण चौथ्यातली दमणूक कळायला जगात थोडे टक्केटोणपे खाल्लेले बरे. मेबेरीचं गाणं म्हणून पाहिलं तर चौथा सरस आहे, कारण सरळ सूर न सोडता त्यात आता थकवा, चीड, टोमणा असं सगळं येतं. वाद्यकाम म्हणून मात्र पहिला अजूनही पुढे, विशेषतः 'लाइज' आणि 'सायन्स/व्हिजन्स'मधला तो बुलंद, जवळपास असह्य खालचा सूर. फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, हेडफोन लागतातच.

तिसरा अल्बम अजिबात टाकून द्यायला नको असेल तर 'हान्सा सेशन' हा २०१८चा छोटा संच शोधा. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत त्यातली काही गाणी तंतुवाद्यांच्या साथीने पुन्हा रेकॉर्ड केली आहेत. चमक काढून घेतल्यावर चाली किती भक्कम होत्या ते दिसतं. आणि चारही संपले असतील तर मेबेरीचा डिसेंबर २०२४ मध्ये आलेला एकल अल्बम 'व्हिशस क्रीचर' घ्या. त्यात पियानो आहे, गिटार आहे, नाटकीपणा आहे, सिंथची भिंत मात्र नाही. तो आधी ऐकू नका, चौथ्यानंतरच ऐका. 'फायनल गर्ल'मध्ये ती स्वतःला जे प्रश्न विचारते, त्यांतल्या काहींची उत्तरं तिथे मिळतात.