रिले टेकओव्हरचं शिबिर, अंधेरी: शिकवणं झकास, सोय यथातथा

आम्ही चौघी मास्टर्स म्हणजे प्रौढांच्या गटातल्या, दादरला शिवाजी पार्कच्या तलावावर पोहणाऱ्या. ४ × ५० फ्रीस्टाइलसाठी अंधेरीतल्या एका खाजगी तलावावरचं शनिवार-रविवारचं शिबिर केलं. विषय एकच: टेकओव्हर, म्हणजे रिलेत एकीचा हात भिंतीला लागला की दुसरीनं उडी मारायची ती बदली.

बझरवर उडी मारताना ब्लॉक (काठावरचा उडीचा चौथरा) सुटेपर्यंत साधारण ०.६ ते ०.७ सेकंद जातात. रिलेत आधीच्या खेळाडूचा हात भिंतीला लागेस्तोवर पाय ब्लॉकवर हवेत, बाकी अंग आधीच झेपावलेलं चालतं. म्हणजे तीन बदल्यांत दीडेक सेकंद फुकटात. २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेनं फ्रान्सकडून ४ × १०० फ्रीस्टाइल खेचली ती ०.०८ सेकंदानं, तेव्हा हिशोब करा.

आम्हाला वाटलं होतं, दोन दिवस उड्याच मारायच्या. सरांनी पहिला अख्खा तास खर्च केला तो पाण्यातून येणाऱ्या बाईवर. तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडव्या दांडीनं संपते, ती ‘टी’. टी ओलांडली की श्वास नाही, मान वर नाही, हात अर्धवट टाकून तरंगत येणं नाही. “ताई, तुम्ही भिंत बघायला डोकं काढलंत की वरची फसली,” असं ते काठावर उकिडवे बसून दर खेपेला सांगत. खरंच आहे. वरची उडी मारते ती खालचीच्या लयीवर भरवसा ठेवून, आणि तीच लय बिघडली तर लवकर सुटून टीम बाद. वेळ मोजणारं यंत्र ०.०३ सेकंदाची घाई पोटात घालतं, त्यापुढे नाही.

दुसरी पटलेली गोष्ट: वेगवान पोरांचं डोकं टीवर आलं की वरच्यानं हात फिरवायला घ्यायचे. आमच्यासाठी ते फार लवकर होतं, म्हणून प्रत्येक जोडीची खूण सरांनी वेगळी ठरवून दिली. मोबाइलवर स्लो-मोशन दाखवल्यावर वादच मिटले.

आता कुरकुर. एका लेनला दहा-बारा माणसं, ब्लॉकसाठी रांग. मागचा पाय रेटायला ब्लॉकवर फळी नाही. मेडली रिले (चौघींचे चार वेगळे स्ट्रोक) शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकली. ब्रेस्टस्ट्रोकवाली घसरत भिंतीला येते तेव्हा बटरफ्लायवालीनं कधी सुटायचं, हे अर्धवटच राहिलं. चेंजिंग रूमबद्दल न बोललेलं बरं.

जायचंच तर आपली टीम घेऊन जा. एकट्या आलेल्यांना दर फेरीला वेगळा जोडीदार मिळत होता, आणि कुणाचीच खूण पक्की होत नव्हती.