ऑक्सिजन मशीनसाठी घेतलेला पेट्रोल जनरेटर: पावसाळा, उन्हाळा वापरून झाल्यावर

घणसोलीत आमचं कोपऱ्याचं रो हाउस आहे आणि सासूबाईंना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) लागतो, दिवसा थोडा वेळ आणि रात्री सलग. लाईट अर्धा-एक तास गेली तर इन्व्हर्टर सांभाळून घेतो, पण पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलला फॉल्ट आला की तो शोधायचा, खणायचं, जॉइंट मारायचा, यात पाच-सहा तास कुठेच जात नाहीत. शिवाय 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड बसलं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचीच लाईट एकदम गेली होती, ते डोक्यात होतंच. म्हणून गेल्या पावसाळ्याआधी जनरेटर घेतला.

आधी हिशोब सांगते. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण साडेतीनशे वॅट खातं. 150 एएचची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची, पण इन्व्हर्टरमधला लॉस धरा आणि बॅटरी पार खाली उतरू द्यायची नाही हे धरा, तर मशीन आणि एक पंखा मिळून तीन तासांच्या आसपास चालतात. पुढचा वेळ जनरेटरचा. म्हणजे मला अख्खं घर चालवायचंच नव्हतं, मशीन, फ्रीज, दोन पंखे, लाइट्स आणि बॅटरीचं चार्जिंग, सगळं मिळून हजार वॅटच्या आत. दुकानात तीन-चार केव्हीएचे (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद) मोठे धूड दाखवत होते, पण ते पन्नास-साठ किलोचं, मी एकटी घरी असताना हलवणार कसं? मी दोन केव्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर टाइप घेतला, वीस-बावीस किलोचा, हँडल धरून मी एकटी बाहेर नेते. बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतो तो मॅक्स आकडा, तो थोड्या वेळापुरताच, सलग चालवायला रेटेड काय आहे तेच विचारा.

साधा जनरेटर जवळपास निम्म्या किमतीत मिळतो, तरी मी इन्व्हर्टर टाइपच सुचवेन. साध्याचं इंजिन 50 हर्ट्झ राखायला सतत 3000 आरपीएमवर फिरत राहतं, लोड असो वा नसो, त्यामुळे आवाजही तेवढाच आणि पेट्रोलही जातं. इन्व्हर्टरवाल्यात लोड कमी झाला की इंजिन आपोआप हळू होतं आणि वीज स्वच्छ साइन वेव्हची मिळते, जी कॉन्सन्ट्रेटरला लागतेच. तरी रात्री आवाज जाणवतो, निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि यंत्राजवळ आवाज त्याहून बराच जास्त असतो, म्हणून शेजारच्या काकांना आधीच जाऊन सांगून ठेवलंय की रात्री चालला तर आईंसाठीच चाललाय. ते उलट म्हणाले, गरज पडली तर मला उठव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून हे वाचाच. जनरेटर बाल्कनीत, पॅसेजमध्ये, अर्ध्या उघड्या शटरच्या आत कधीही लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. खिडक्या-दारांपासून किमान वीस फूट लांब आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट बाजूला. आमच्या बाजूला मोकळी जागा आहे म्हणून जमलं, नाहीतर मी घेतलाच नसता. फ्लॅटवाल्यांनी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत, तिथे मोठी बॅटरीच बरी.

दुसरं, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायची असं एका इलेक्ट्रिशियननेच सुचवलं होतं. मी साफ नाही म्हटलं. मेन स्विच चालू राहिला तर जनरेटरचा करंट उलटा लाइनवर जातो आणि डीपीवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, म्हणजे घर एका वेळी एकतर मेन लाइनवर नाहीतर जनरेटरवर.

खर्च? आमच्या लोडला तासाला पाऊण लिटरच्या आत पेट्रोल लागतं, म्हणजे एक युनिट सत्तर रुपयांच्या पुढेच पडतं. म्हणून लाईट गेल्या गेल्या चालू करत नाही, आधी बॅटरी अर्धी होऊ देते, मग जनरेटरवर घर आणि चार्जिंग दोन्ही. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं, हे कितीही घाई असली तरी. ऑक्सिजनचा भरलेला सिलेंडर घरात असतोच, कारण जनरेटर दोरी ओढल्यावर चालू होईलच यावर आईंचा श्वास टांगून ठेवायचा नाही.

मेंटेनन्स म्हणाल तर पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं, नंतर शंभर तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेत ओलावा ओढतं आणि महिनोन्महिने पडून राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदतो. त्यामुळे दर महिन्याला एकदा लोड लावून चालवते, आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी बंद करून इंजिन आपोआप थांबू देते, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपतं. भर पावसात चालवायची वेळ आली तेव्हा बाजू मोकळ्या ठेवून वर पत्रा उभा केला, ताडपत्री गुंडाळायची नाही, इंजिन गरम होतं.

एक मर्यादा मात्र आहे. एक एचपीचा पाण्याचा पंप यावर उचलला जात नाही, चालताना तो हजार-अकराशे वॅट घेतो पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि जनरेटर ओव्हरलोडवर ट्रिप होतो. पंप चालवायचाच असेल तर तीन केव्हीएच्या खाली बघू नका आणि दुकानात तोच पंप जोडून दाखवायला सांगा. आम्ही पावसाळ्यात वरची टाकी संध्याकाळीच भरून ठेवतो.